सावित्रीचं आख्यान मी कसं लावू?

चिपळी

नमस्कार मंडळी. मी इथे रोज वाचते, लिहिते क्वचित. आज लिहायला बसले, कारण हे घरात कुणाशी बोलता येत नाही, आणि ज्यांच्याशी बोलले असते ते आता नाहीत.

मी गोव्याची, फोंडा तालुक्यातली. आमची म्हातारी माणसं अजून अंत्रुज म्हणतात. बावीस वर्षं नारदीय कीर्तन करते. शिकले सासऱ्यांकडून. लग्न होऊन आले तेव्हा गाणं येत होतं, पण चार माणसांत उभं राहून बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. सासऱ्यांनी मला सहा महिने रोज संध्याकाळी तुळशीपुढे उभं केलं आणि पूर्वरंग, म्हणजे कीर्तनातला आधीचा निरूपणाचा भाग, म्हणून घेतला. श्रोत्या एकट्या सासूबाई. तबल्याला पहिल्या दिवसापासून माझे यजमान. दिवसभर बँकेत नोकरी, संध्याकाळी स्कूटरच्या पुढ्यात डग्गा आणि मागे मी, मांडीवर तबला घेऊन.

गेल्या माघात ते गेले. स्वादुपिंडाचा कर्करोग. बांबोळीला निदान झालं त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, वर्ष धरून चला. अकरा महिने मिळाले. त्या अकरा महिन्यांतलं नवरात्र आम्ही केलं. आमच्याकडे नवरात्रात देवी मखरात बसते, रोज रात्री कीर्तन होतं आणि मग वाद्यांच्या गजरात मखर झुलवतात. त्या नऊ रात्रींतल्या पाच रात्री ते वाजवायला बसले. मांडी घालता येत नव्हती, म्हणून तबला-डग्गा बाकावर आणि ते खुर्चीवर. सहाव्या दिवशी उठवेना. मला म्हणाले, तू जा, मी इथून ऐकतो. आमच्या घरापर्यंत देवळाचा कर्णा ऐकू येतो.

आता गणेश चवथीनंतर त्याच देवळातून फोन आला. सोळा वर्षं मी तिथे नवरात्र केलं आहे. "ताई, यंदा तुम्ही विश्रांती घ्या. देवीचं काम आहे, लोक काहीबाही बोलतात." बोलणारा वाईट माणूस नाही, त्याच्या आवाजात संकोच कळत होता. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग गेल्या आठवड्यात पलीकडच्या वाड्यावरच्या लहानशा देवळातून दोन बायका घरी आल्या. आम्हाला नऊ रात्री द्या म्हणाल्या, आणि एक रात्र सावित्री. "तुमची सावित्री ऐकून किती वर्षं झाली." आपण काय मागतोय हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. मी हो म्हणून बसले.

सावित्री यमाच्या मागून चालते, बोलता बोलता त्याला शब्दात धरते आणि नवऱ्याला परत आणते. हे आख्यान मी शंभर वेळा तरी लावलं असेल. आता लावीन तेव्हा समोर बसलेली प्रत्येक बाई मनात म्हणेल, हिची भक्ती कुठे कमी पडली? रात्री दोन वाजता मीही तेच म्हणते.

मुलगा बारावीत आहे. तबला बापाकडूनच शिकला. माघापासून त्याने तबल्याला हात लावलेला नाही, देवापुढे दिवा लावत नाही. चवथीला ओसरीवर घुमट-शामेळ वाजत होतं, सगळं कुटुंब आरतीला जमलेलं, आणि हा मागच्या दारी पायरीवर बसून राहिला. मी उठवायला निघाले तर सासूबाईंनी हात धरला. त्यांचा मुलगा गेलाय, आणि त्याच घरात सगळ्यात शांत आहेत. तबल्याच्या खोळीत यजमानांचा पावडरचा डबा आहे. हाताला फार घाम यायचा त्यांच्या. डब्याचं झाकण नीट लागत नाही, त्यामुळे खोळ उघडली की आधी तो वास येतो. म्हणून मीही खोळ उघडत नाही.

आणखी एक गोष्ट. आमचं घर कोकणीतलं. भांडण, स्वयंपाक, आजारपण, सगळं कोकणीत. देवापुढे उभी राहिले की मराठी. सोवळं जसं वेगळ्या दांडीवर वाळत घालतात तशी आमची मराठी. ते गेल्यापासून मी रडले ती सगळी कोकणीत. मराठीत एक शब्द उमटला नाही. म्हणून इथे लिहून बघतेय.

ज्यांनी दुःखात असतानाच सेवा केली आहे, कीर्तन, प्रवचन, पूजा, भजन काहीही, त्यांनी सांगा, कसं केलंत? श्रद्धेचा आधार म्हणतात तो तुम्ही नक्की कशाचा घेतलात? देव बघून घेईल हे सांगू नका, ते मीच लोकांना सांगत आले आहे. आणि कृपा करून तुकोबांचा दाखला नको. दुष्काळात पहिली बायको आणि मुलगा गेल्यावरही ते उभे राहिले, हे मला बाराव्यापर्यंत सहा जणांनी सांगितलं. त्यांचं दुःख माझ्या दुःखावर दडपण म्हणून ठेवू नये असं वाटतं.

डिचोलीकर

ताई, वाचलं. लगेच काही लिहिता येत नाही. नमस्कार.

वाळवंटीकाठ

बाये, मी साखळीचा. विठ्ठलापूरला वाळवंटीच्या काठी जो विठोबा आहे त्याच्या घंटेवर आमचं घर उठतं आणि निजतं. पस्तीस वर्षं मास्तरकी केली. नऊ वर्षांमागे आमची मंडळी गेली. वैशाखात गेली आणि आषाढीची वारी पुढ्यात.

आम्ही दोघं गोव्यातून पायी जायचो. तिचं एक कापडी बोचकं असायचं, त्यात तिची दोन लुगडी, सुंठ, आणि माझ्या पायाला लावायचं तेल. त्या वर्षी मुलगा म्हणाला, बाबा जाऊ नका. मी गेलो. तू विचारलंस म्हणून खरं सांगतो, त्या वारीत मी विठ्ठलाशी एक शब्द बोललो नाही. नाव घेतलं नाही. दिंडीत अभंग चालू असायचा आणि माझं तोंड बंद. फक्त चाललो. घाटातल्या पावसात तेलाची बाटली बोचक्यात फुटली आणि तिची लुगडी भिजली. त्या रात्री मुक्कामाला एका अनोळखी म्हातारीने ती लुगडी माझ्या हातातून घेतली, रिठ्याने धुतली आणि दोरीवर टाकली. तिने काही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सकाळी घडी करून दिली.

पंढरपुरात पोचल्यावर पायावर डोकं ठेवायला गेलो नाही, कळसाचं दर्शन घेतलं आणि परत फिरलो. पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. तोंड उघडलं ते तिसऱ्या वर्षी. तेव्हा श्रद्धेचा आधार म्हणजे माझ्यापुरता तो रस्ता. सकाळी उठून कुठे जायचं ते ठरलेलं होतं, आणि पुढे-मागे चालणारी माणसं होती.

तुझ्या अंत्रुजातले कितीतरी देव स्वतःच घर सोडून आलेले आहेत. मंगेशाचं लिंग कुठ्ठाळीहून १५६० साली जुवारी ओलांडून प्रियोळला आणलं. शांतादुर्गा केळशीची, आली कवळ्याला. घरदार, शेत, पूर्वजांची जागा सगळं नदीपलीकडे टाकून लोक निघाले आणि हातात देव तेवढा घेतला. ती माणसं त्या होडीत काय बोलली असतील? मला वाटतं, काहीच नसतील बोलली. तू गप्प आहेस म्हणून तुझी भक्ती कमी झाली असं मानू नकोस.

शास्त्राधार

भगिनींच्या दुःखात सहभागी आहे. परंतु आमच्याकडे वर्षश्राद्ध होईपर्यंत कीर्तनकाराने गादीवर उभं राहू नये असं पाळतात. शिवाय सौभाग्याचं आख्यान. लोकांच्या भावनांचाही विचार व्हावा. राग नसावा.

पूर्वरंग

शास्त्राधार, राग नाही, पण दोन गोष्टी वेगळ्या करू. सुतक दहा दिवसांचं. पुढे वर्षभर जे पाळतात ती घराघराची रीत, आणि ती दुःखी माणसाला थोडी उसंत मिळावी म्हणून पडली असावी असं मी समजतो. ज्याला उसंत नको आहे त्याच्यावर ती लादायची नसते. आणि नामाला सुतक नाही, हे तर आपल्या लहानपणापासून ऐकलेलं आहे.

चिपळीताई, मी तुमच्याच क्षेत्रातला. चाळीस वर्षं गादीवर आहे. सावित्रीबद्दल बोलतो, कारण तुमचा प्रश्न मला आधी आख्यानाचा वाटतो.

आपण गादीवर सावित्री लावतो ती यमाच्या संवादापासून रंगवतो. टाळ्या तिथे मिळतात. मूळ महाभारतातलं वनपर्व उघडून बघा. ही कथा मार्कंडेय सांगतात ती युधिष्ठिराला. राज्य गेलेलं, वनवास चालू, नुकतंच जयद्रथाने द्रौपदीला पळवून नेलेलं आणि सोडवून आणलेलं. म्हणजे कथेचा पहिला श्रोता पुरता खचलेला माणूस आहे. सुखात बसलेल्या सुवासिनींसाठी ती रचलेली नाही.

दुसरं. त्या कथेत नारद आहे. अश्वपतीच्या सभेत बसून तोच सांगतो की सत्यवानाला आजपासून एक वर्ष. बाप म्हणतो, दुसरा वर शोध. ती म्हणते, एकदा निवडलं. आणि मग वनात जाते, दागिने उतरवून ठेवते, सासू-सासऱ्यांची सेवा करते, आणि नारदाचा शब्द कुणालाही न सांगता दिवस मोजते. चार दिवस उरले तेव्हा तीन रात्रींचं व्रत घेते, आणि ते उभं राहून. हे सगळं आपण दोन ओव्यांत उरकतो, कारण पुढे यम वाट बघत असतो.

तुम्हाला डॉक्टरांनी बाजूला घेऊन 'वर्ष धरून चला' सांगितलं. ताई, तुम्ही ते वर्ष काढलं आहे. आमच्यापैकी कुणी काढलेलं नाही. तुम्ही उभ्या राहता ती गादीही नारदाचीच. यमाकडे जायची घाई करू नका. त्या वर्षाचं आख्यान लावा.

आणि यमाकडे पोचलात तर एवढं बघा, तिने पहिला वर सासऱ्याच्या डोळ्यांसाठी मागितला. दुसरा त्यांच्या गेलेल्या राज्यासाठी, तिसरा स्वतःच्या वडिलांसाठी. नवरा त्यानंतर. घर आधी सावरलं तिने.

चिपळी

पूर्वरंगकाका, मी हे तीनदा वाचलं. मीही त्यांना सांगितलं नव्हतं. दोन महिने. 'पोटाचा विकार आहे, औषधाने उतरेल' असं म्हणत राहिले. मग एका दुपारी ते पेज जेवत होते, आणि ताटाकडे बघतच म्हणाले, तू एकटीने किती दिवस मोजणार आहेस? त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

आज एवढंच लिहिते.

शिरोळची_लेक

चिपळीताई, देवळातून आलेला तो फोन वाचून हात थरथरला. माझं माहेर शिरोळ तालुक्यात, हेरवाडच्या जवळ. ४ मे २०२२ ला हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ठरावाने मनं लगेच बदलली असं मी म्हणणार नाही. पण माझी काकू त्यानंतरच्या नागपंचमीला पुन्हा हिरव्या बांगड्या भरायला कासाराकडे गेली, आणि कासाराने न विचारता हात पुढे घेतला. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तुम्ही जा. कुंकू लावून जा, न लावता जा, पण जा.

रात्रपाळी

मी देव मानत नाही, हे आधी सांगतो, म्हणजे माझं बोलणं त्या हिशेबाने घ्या. कर्करोगाच्या रुग्णांच्या विभागात परिचारक आहे, पर्वरीला राहतो. प्रार्थना करणारी घरं आणि न करणारी घरं दोन्ही रोज बघतो. रडणं सारखंच असतं. आजार कुणाची भक्ती मोजून येत नाही आणि भक्ती बघून थांबतही नाही. तेव्हा 'माझी भक्ती कमी पडली का' हा रात्री दोनचा प्रश्न, ताई, तो तुम्ही स्वतःला विचारणं बंद करा. त्याला उत्तर नाही, कारण तो प्रश्नच चुकीचा आहे. हे मी श्रद्धेविरुद्ध बोलत नाही.

एक फरक मात्र मला दिसतो. ज्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी कुणीतरी डबा घेऊन येतं ती माणसं लवकर पायावर उभी राहतात. देवळातले लोक, चर्चमधले लोक, भजनाची मंडळी, ही माणसं डबा घेऊन येतात. आम्ही न मानणारे त्या बाबतीत कमी पडतो, ते मला मान्य आहे.

मुलाबद्दल. सतरा-अठराच्या वयात आवडीच्या गोष्टीला आठ महिने हात न लावणं याकडे लक्ष द्या. जेवतो का, झोपतो का, मित्रांत जातो का? कुणी परकं माणूस ऐकायला हवं असेल तर १४४१६ हा टेलीमानसचा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलतात. देवाला दिवा लावत नाही याची चिंता सध्या बाजूला ठेवा.

चिपळी

रात्रपाळी, जेवतो. झोप कमी आहे. फुटबॉलला जातो, त्यामुळे मी निर्धास्त होते. तुमचं वाचून काल त्याच्या खोलीत जाऊन बसले. देवाचा विषय काढला नाही. तो म्हणाला, आई, तू कीर्तनात सांगतेस की देव हाकेला येतो, मग पपा त्या रात्री किती वेळा हाक मारत होते. मला उत्तर आलं नाही. मी म्हटलं, मीही ऐकत होते रे. मग आम्ही दोघं बराच वेळ बसलो. क्रमांक त्याला देऊन ठेवला आहे.

मुरगावकरीण

चिपळीताई, मी ख्रिस्ती आहे, मराठी ख्रिस्ती. माहेर अहमदनगरकडचं, आता वास्कोला. माझे यजमान पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आहेत. आमची मराठी मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, लहान, बंदरात, रेल्वेत नोकरीला आलेली कुटुंबं. तुमच्या धाग्यात लिहावं की नाही असा विचार केला, पण तुम्ही 'सेवा' शब्द लिहिला आणि तो आमच्याही घरातला शब्द आहे.

आमची मुलगी नऊ वर्षांची असताना मेंदूज्वराने गेली. चार दिवसांत. पाळकाच्या घरात रडायला जागा नसते. बैठकीची खोली मंडळीची. दार वाजलं की कुणाच्या तरी घरचं दुःख आत येतं आणि तुम्ही चहा ठेवता. दफनानंतर तिसऱ्या रविवारी यजमान उपदेशाला उभे राहिले. शास्त्रपाठ वाचला, पुस्तक मिटलं, आणि उभेच राहिले. मी पहिल्या बाकावर. मला वाटलं आता पडतील. तेवढ्यात मागून एका आजीने गीत सुरू केलं, मग सगळ्यांनी धरलं, आणि त्या दिवशी उपदेश झालाच नाही. गीतांमागून गीतं गायली आणि घरी गेलो. त्यानंतर वडील मंडळींनी येऊन सांगितलं, पाळकसाहेब, पुढचे सहा रविवार तुम्ही आमच्यात बाकावर बसायचं. यजमानांना तो अपमान वाटला. तिसऱ्या रविवारी मला म्हणाले, किती वर्षांनी मी कुणाच्या तरी प्रार्थनेला नुसतं आमेन म्हटलं.

तेव्हा मला एवढंच सांगायचं आहे, उभं राहणं ही सेवा आहे तसं काही दिवस बसणं हीही आहे. तुम्हाला देवळाने बसवलं ते चुकीच्या कारणाने, त्याचं मला वाईट वाटतं. आमच्या लोकांनी यजमानांना बसवलं ते प्रेमाने. दोन्हींत फार अंतर आहे.

आणि रागाबद्दल, तुमच्या मुलासाठी. आमच्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, त्यांतली कितीतरी निव्वळ विलाप आणि तक्रार. देवा, तू तोंड का लपवलंस, अशी. बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे वळून स्तुती करतात. ८८वं वळत नाही. अंधारातच संपतं. मुलगी गेल्यावर वर्षभर मला तेच एक वाचता आलं. ज्यांनी ही पुस्तकं जपली त्यांनी ते स्तोत्र काढून टाकलं नाही, याचा मला फार आधार वाटला. तुमच्या मुलाचं मागच्या पायरीवर बसणं मला तसंच दिसतं. तो घर सोडून गेला नाही, आरती ऐकू येईल एवढ्या अंतरावर बसला.

तुमच्या मराठी-कोकणीच्या ओळींवर थोडं. गोव्यात येईपर्यंत मला वाटायचं मराठी ख्रिस्ती म्हणजे आम्ही नगरकडचे. इथे आल्यावर कळलं की साष्टीत, राशोलला, १६१६ साली फादर स्टीफन्सनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली होती. इथली माणसं चारशे वर्षांपूर्वीही घरात एक बोलत होती आणि देवापुढे मराठी ऐकत होती. तुमच्या कोकणी रडण्याला देवापुढे मज्जाव नाही, ताई. आमच्या मुलीसाठी मी आमच्या नगरी बोलीतच रडते, उपासनेच्या मराठीत नाही.

शास्त्राधार

मुरगावकरीणताई, आपला प्रतिसाद वाचून माझ्या आधीच्या लिहिण्याचा फेरविचार केला. आमच्या आईला आम्ही वर्षभर देवळात जाऊ दिलं नव्हतं. ती रोज संध्याकाळी पडवीत उभी राहून तिकडे हात जोडायची. चिपळीताई, आपण अवश्य उभ्या राहा.

घुमटवाला

मी वयाने लहान आहे, सगळ्यांना नमस्कार. वास्कोच्या दामोदर सप्ताहात आमचं भजनी पथक असतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वास्कोत साथ आली, माणसं मरत होती, तेव्हा लोकांनी जांबावलीच्या दामोदराकडून श्रीफळ आणलं आणि अखंड भजन केलं. तेव्हापासून श्रावणात सप्तमीला सुरू झालेलं भजन चोवीस तास खंडू द्यायचं नाही. पथकं आळीपाळीने पहारा घेतात.

बाबा गेले त्या वर्षी आमचा पहारा पहाटे तीनचा होता. मी जाणार नव्हतो. आई म्हणाली, तीनला तुमची माणसं आली नाहीत तर आधीच्या पथकाने किती वेळ ओढायचं? म्हणून गेलो. भक्तीने नाही, ते लोक थकले असतील म्हणून. पावसात भिजून पोचलो तर आधीच्या पथकाचा बुवा घसा बसलेल्या आवाजात ओढत होता. मला बघून त्याने डोळ्यांनी खूण केली आणि मी त्याच्या ओळीवरच सूर धरला. त्याने सोडला. मधे एक श्वासही रिकामा गेला नाही. त्या एका जागी मला बाबा आठवले आणि पहिल्यांदा बरं वाटलं.

ताई, तबल्याला माणूस नसेल तर सांगा. मी पखवाज वाजवतो, तबला बरा वाजवतो. नऊही रात्री येईन. बिदागी नको.

वाळवंटीकाठ

शाबास रे पोरा.

चिपळी

घुमटवाला, व्यक्तिगत निरोप केला आहे. देव बरें करूं.

शिरोळची_लेक

धागा वर काढतेय. घट बसले. चिपळीताई, कशा आहात?

चिपळी

आज दुसरी रात्र झाली. रात्रीचे दीड वाजलेत. सावित्री आज होती. झोप येणार नाही, म्हणून लिहूनच टाकते.

दुपारी तबला-डगा बाहेर काढायचा होता. घुमटवाला स्वतःचा आणणार होता, पण चाटीला काहीतरी झालं म्हणून सकाळी त्याचा फोन आला. मी खोळीपाशी गेले आणि तशीच उभी राहिले. मुलगा आला. काही बोलला नाही. खोळ सोडली. पावडरचा वास आला तसा त्याने एकदा तोंड फिरवलं. मग चुंबळीवर तबला ठेवला, हातोडी घेतली आणि गठ्ठे ठोकत सुरात आणायला लागला. अर्धा तास लागला त्याला. आठ महिन्यांत उतरला होता पार. माझी पट्टी न विचारता काळी दोनला आणून ठेवला.

देवळात तो आमच्याबरोबर आला, वाद्यं उचलून आत ठेवली, घुमटवाल्याला म्हणाला, डग्गा डावीकडे जरा उतरतो, मधे एकदा बघून घे. आणि बाहेर दीपस्तंभाच्या कट्ट्यावर जाऊन बसला. मी आत ये म्हटलं नाही.

सासूबाई आल्या होत्या. मी गादीवर उभी राहिले तेव्हा सगळ्यांबरोबर त्यांनीही वाकून नमस्कार केला. गादीवरच्या माणसाने उलट वाकायचं नसतं हे मला त्यांच्याच नवऱ्याने शिकवलं आहे. त्या वाकल्या, मी सरळ उभी राहिले. पाय एवढे जड कधी झाले नव्हते.

पूर्वरंग नीट झाला. मध्यंतराला बुक्का लावला, हार घातला. मग आख्यान. काका, तुम्ही म्हणालात तसंच लावलं. स्वयंवर पटकन उरकलं आणि अश्वपतीच्या सभेत आले. नारद म्हणाला, राजा, या मुलाला आजपासून, आणि तिथे मी थांबले. 'एक वर्ष' हे दोन शब्द तोंडातून येईनात. बांबोळीचा तो व्हरांडा, डॉक्टरांच्या हातातलं पेन, सगळं समोर. किती वेळ गेला ठाऊक नाही. घुमटवाल्याने ठेका सोडला नाही. हलक्या हाताने नुसता धुमाळी वाजवत राहिला. मग पहिल्या रांगेतल्या, सावित्री मागायला आल्या होत्या त्याच दोघींनी विठ्ठल विठ्ठल सुरू केलं आणि सगळ्या सभामंडपाने उचललं. मुरगावकरीणताई, मला तुमच्या त्या आजी आठवल्या. गजर ओसरला तेव्हा मी बोलले, आणि बोलले ते कोकणीत. "एक वर्स." तेवढंच. पुढे परत मराठी.

मग मी ते वर्ष सांगितलं. ती लाकडं कशी गोळा करते, सासऱ्याला हाताला धरून नदीवर कशी नेते, रात्री नवऱ्याच्या श्वासावर कान ठेवून कशी जागी राहते. पोथीत नसलेलंही सांगितलं असेल. पेजेचं ताट सांगितलं. बायका रडत होत्या, पण मला गादीवर रडू आलं नाही. यमाचा संवाद पंधरा मिनिटांत झाला. सत्यवान उठला तेव्हा मला वाटलं होतं मनात काहीतरी तुटेल. तसं झालं नाही. उठू दे, असं वाटलं. तिचा उठू दे.

आरतीनंतर ओटी भरायची वेळ आली. मी बाजूला सरकले होते, यंदा सरकायचंच होतं. एक म्हातारी पुढे आली, पांढऱ्या कपाळाची. नारळ आणि तांदूळ हातात. मी पदर पसरला. बाकीच्या बायका तिच्यामागे रांगेत उभ्या राहिल्या.

मखर झुलवायला लागले, चौघडा सुरू झाला, तेव्हा वळून बघितलं तर मुलगा आत आला होता. खांबाला टेकून, हात मागे बांधून. मखराकडे बघत होता की तबल्याकडे, मला सांगता येणार नाही. हात जोडले नाहीत त्याने. घरी येताना डग्गा मात्र त्याच्या मांडीवर होता.

सासूबाईंनी आल्याआल्या पेज गरम केली. "जेव गे बाये," म्हणाल्या. जेवले.

उद्या तिसरी रात्र, सुदामा लावतेय. घुमटवाला, उद्या साडेसातलाच ये, तबला आपल्याकडे तयार आहे.